सात गुणांची चित्रकला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीला २०२४ साली १८७ आणि २०२५ साली २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले, तेव्हा मराठीच्या निबंधातही एक गुण कापला गेला नाही की काय, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कापला जातो, तो कला-क्रीडेसाठी मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांनी भरून निघतो. इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेत अ श्रेणी आली की ७ गुण, ब ला ५, क ला ३. 'बेस्ट ऑफ फाइव्ह'च्या, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांच्या, ५०० गुणांत सात म्हणजे १.४ टक्के. अकरावीच्या गुणवत्ता यादीत एवढ्यावर कॉलेज बदलतं.

मी जन्मभर चित्रकलाच शिकवली, त्यामुळे या गुणांवर माझा राग नाही. उलट ते आले म्हणून आमचा तास वाचला. एरवी तो गणिताच्या सरांना उसना जायचा. पण आता मुलं क्लासात एकच भाजीबाजार घोटतात. टोपलीवाली डावीकडे, छत्रीवाला उजवीकडे. विषय 'बसथांबा' आला तर टोपल्या काढून पाटी लावायची, 'जत्रा' आली तर फुगेवाला घुसवायचा. याला म्हणे स्मरणचित्र! श्रेणी मिळाली की रंगपेटी माळ्यावर.

माझ्या वर्गात एक गोंधळ्याचा मुलगा होता. रात्रभर वडिलांबरोबर संबळ वाजवून सकाळी पहिल्या तासाला शेवटच्या बाकावर पेंगायचा. बोटांना काडीचे घट्टे. लोककलेलाही गुण असतात, असं मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "सर, गोंधळाला वाजवल्याचा दाखला कोण देतं?" यजमान देतो तो शिधा आणि दक्षिणा. गुणांना मान्यताप्राप्त संस्थेचा कागद लागतो, आणि तशी संस्था आमच्या पंचक्रोशीत नव्हती. त्याचा अर्ज शाळेच्या कपाटातच राहिला.

घराण्यात कला असलेल्या मुलाला तालुक्याच्या ठिकाणी दोन जाणकारांपुढे दहा मिनिटं वाजवू द्यावं आणि तिथल्या तिथे श्रेणी द्यावी, एवढंच शिक्षण विभागाने करावं. चित्रकलेच्या परीक्षेला केंद्रं मिळतात, पर्यवेक्षक मिळतात. संबळ ऐकायला दोन माणसं मिळायला हरकत नसावी.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, जि. सातारा