मोटरहोमचा संडास तुंबतो तो पाण्याच्या काटकसरीने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आई-वडील अमेरिकेत मुलांकडे आले की भाड्याने मोटरहोम, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी, घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन गाठायचे, हे मराठी कुटुंबांत आता चांगलेच रुळले आहे. पर्यटन पुरवण्यांतही या सहलींवर भरभरून लिहून येते. गाडीतल्या संडासाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. सहा माणसांच्या गाडीतला एकुलता एक संडास तुंबला तर वयस्कर माणसांचे आणि लहान मुलांचे काय हाल होतात, ते सांगायला नको. हे हाल जवळपास नेहमीच टाळता येतात, म्हणून हे पत्र जरा तपशिलात लिहीत आहोत.

आधी रचना समजून घ्यावी. घरच्या कमोडमध्ये पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप असतो. अमेरिकेतल्या बहुतेक मोटरहोममध्ये तो नसतो. पायाने पेडल दाबले की भांड्याच्या तळाची झडप सरकते आणि सगळे थेट खालच्या टाकीत पडते. हिला ब्लॅक टँक म्हणतात आणि तिच्यात साधारण ११० ते १५० लिटर मावते. बेसिन, मोरी आणि अंघोळीचे पाणी वेगळ्या टाकीत, म्हणजे ग्रे टँकमध्ये जाते. ब्लॅक टँकच्या तळाशी ३ इंची पाइप आणि त्यावर दांडी ओढून उघडायचा गेट व्हॉल्व्ह असतो. पंप नसतो. टाकीचा तळ बऱ्यापैकी सपाट असतो, त्यामुळे आतले सगळे फक्त पाण्याच्या लोटाने बाहेर पडते. घरी एका फ्लशला सुमारे ६ लिटर पाणी जाते. इथे पेडल दाबून लगेच सोडले तर जेमतेम अर्धा लिटर.

घोटाळा होतो तो इथेच. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवरच्या मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये गाडीला पाण्याची किंवा मैलापाण्याची जोडणी मिळत नाही. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि मैलापाणी अशा तिन्ही जोडण्या असलेले ठिकाण एकच, फिशिंग ब्रिज. त्यामुळे गाडीतले पाणी पुरवून वापरायचे म्हणून घरातले कर्ते माणूस सगळ्यांना बजावते, ‘फ्लशला पाणी कमी वापरा.’ मग मैला आणि कागद भांड्याच्या बरोबर खाली पडतात आणि तिथेच राहतात. पातळ भाग बाजूला पसरतो, घट्ट भागाचा ढीग वाढत जातो आणि शेवटी त्याचे टोक भांड्याच्या झडपेला टेकते. टाकी अर्धी रिकामी असते, पण वरून काहीच खाली जात नाही.

जोडण्या मिळाल्या की नेमकी उलटी चूक होते. गाडीचा पाइप जमिनीतल्या मैलापाण्याच्या तोंडाला जोडला की ‘आता चिंता मिटली’ म्हणून ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवला जातो. पाणी आणि लघवी वाहून जाते, मैला आणि कागद मागे राहतात, आणि दोन-तीन दिवसांत तळाला गोवरीसारखा कोरडा, कडक थर धरतो. आमच्या मते भाड्याच्या गाड्यांतली सर्वांत महागडी चूक हीच. ग्रे टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला तरी एक वेळ चालते. ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह रिकामे करण्याची ती दहा मिनिटे सोडली तर कायम बंद हवा.

रोजच्या वापराचे सांगायचे तर शौचाला बसण्याआधी भांडे अर्ध्याच्या वर पाण्याने भरून घ्यावे. काही मॉडेलमध्ये पेडल अर्धवट दाबले की पाणी भरते, काहींत पेडल वर उचलावे लागते. गाडी ताब्यात घेताना हे विचारून घ्या. नंतर पेडल पूर्ण दाबून पाच-सात सेकंद धरून ठेवावे. एका वेळेला ३ ते ४ लिटर पाणी गेले पाहिजे, लघवीला १ लिटर पुरते. गाडीच्या टाकीवर ताण नको असेल तर २० लिटरचा एक कॅन केवळ संडासासाठी ठेवावा आणि कॅम्पग्राउंडच्या नळावर भरून घ्यावा. हिशेब केला तर माणशी दिवसाला ८-९ लिटर होतात. म्हणजे सहा माणसांची १२० लिटरची ब्लॅक टँक दोन-अडीच दिवसांत भरणार. प्रवासाची आखणी करतानाच दर दुसऱ्या दिवशी डम्प स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा, वाटेत येईल असे पाहावे. मॅथरमध्ये जोडण्या नसल्या तरी डम्प स्टेशन आहे. टाकी लवकर भरली म्हणून काही बिघडत नाही, कोरडी पडली की बिघडते.

पाण्याने धुण्याची आपली सवय या टाकीला फायद्याची आहे. ती गाडीत सोडू नका. पाणी वाचवायचे म्हणून ओले वाइप्स वापरणारी कुटुंबे मात्र हमखास अडकतात. पाकिटावर ‘फ्लश करण्याजोगे’ असे छापलेले असले तरी ते वाइप्स पाण्यात सुटत नाहीत. कागद कोणता चालेल हे घरच्या घरी कळते. बरणीत अर्धे पाणी घ्या, कागदाचे चार तुकडे टाका, झाकण लावून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा. कागदाचा लगदा झाला तर तो चालेल. वाइप तसाच राहिलेला दिसेल. सॅनिटरी पॅड, डायपर, कापूस, केसांचा गुंता यांची जागा झाकणाच्या कचरापेटीत. उरलेली आमटी किंवा भातही संडासात ओतू नये. मोरीतही नको, कारण ग्रे टँकचा पाइप बहुधा दीड इंचीच असतो. फोडणीचे तेल त्याच्या आतल्या बाजूला थिजते आणि त्यावर भाताची शिते व चहाचा चोथा बसतो. ताटे आधी कागदाने पुसून मग धुवावीत, चोथा गाळून कचऱ्यात टाकावा.

टाकी रिकामी करण्याची वेळ दोन तृतीयांश भरल्यावर. त्याहून कमी असेल तर आधी पाणी घालून तेवढी भरावी, कारण थोड्या पाण्याला लोट नसतो. हातमोजे घालावेत. जाड पाइपचे टोक गाडीच्या तोंडाला लावून पूर्ण फिरवून बसवावे, दुसरे टोक जमिनीतल्या तोंडात घालून त्यावर वजन ठेवावे. मग ब्लॅक टँकची दांडी एका दमात पूर्ण ओढावी. हळूहळू उघडले तर पाणी निघून जाते आणि गाळ राहतो. आवाज थांबला की व्हॉल्व्ह बंद करून २०-३० लिटर पाणी घालावे आणि पुन्हा सोडावे. पाइपच्या तोंडाशी पारदर्शक वाकडा जोड (एल्बो) लावला तर आतून काय येते आहे ते दिसते. पाणी नितळ येईपर्यंत हे करावे. त्यानंतर ग्रे टँक सोडावी म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइपही धुऊन निघतो. शेवटचे काम बहुतेक जण विसरतात: रिकाम्या टाकीत लगेच १५ ते २० लिटर पाणी आणि त्यात एन्झाइमचे औषध, म्हणजे मैला व कागद कुजवणारे एन्झाइम आणि जिवाणू असलेले औषध. पुढचा मैला कोरड्या तळावर पडता कामा नये. फॉर्माल्डिहाइडची औषधे टाळावीत. अनेक कॅम्पग्राउंडचे मैलापाणी सेप्टिक टँकमध्ये जाते आणि ते औषध तिथले जिवाणू मारते.

काही गाड्यांत ब्लॅक टँक आतून धुण्यासाठी नळी जोडायची सोय असते. ती वापरताना तिथून हलू नये. नळाचे पाणी मिनिटाला १५-२० लिटर येते, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असेल तर १२० लिटरची टाकी सहा ते आठ मिनिटांत भरून मैला छतावरच्या हवेच्या पाइपातून किंवा संडासातून वर येतो. आणि धुण्याची नळी पिण्याच्या पाण्याच्या नळीपासून वेगळी, वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या पिशवीत ठेवलेली असावी.

तुंबलाच तर आधी नेमके कुठे ते शोधावे. पेडल दाबून विजेरीने आत पाहा. झडपेच्या लगेच खाली कागदाचा बोळा दिसला तर काम सोपे. दोन बादल्या गरम पाणी ओतून तासभर थांबावे आणि मग गुळगुळीत लाकडी काठीने हलकेच ढोसावे. घरचा रबरी पंप इथे उपयोगाचा नाही. पाणी धरणारा वाकडा पाइप नसल्याने दाब टाकीत विरतो.

खाली डोंगर दिसला आणि आजूबाजूला पाणी कमी असेल तर तो ढीग. व्हॉल्व्ह बंद ठेवून टाकी तीन चतुर्थांश भरेपर्यंत गरम पाणी घालावे. गरम म्हणजे गाडीच्या गिझरचे. उकळते नको, त्याने प्लॅस्टिकचे सांधे आणि रबरी सील खराब होतात. पाणी कोमट झाल्यावरच एन्झाइमचे औषध घालावे, कढत पाण्यात त्यातले जिवाणू मरतात. १२ ते २४ तास तसेच ठेवावे. शक्य असेल तर मधे २०-३० किलोमीटर गाडी चालवावी. वळणांवर आणि ब्रेकला पाणी हिंदकळून ढीग सुटतो. त्यानंतर संडासातून आत घालायची, टोकाला फिरणारे तोंड असलेली धुण्याची लवचीक कांडी नळीला लावून ढिगावर मारा करावा आणि टाकी सोडावी. एकदा करून भागत नाही. जुना थर असेल तर दोन-तीन वेळा हेच करावे लागते. या कामात घाई केली की नुकसान होते. ड्रेन साफ करायचे कॉस्टिक टाकू नये, ते सीलवर आणि अंगावर दोन्हीकडे वाईट. ब्लीचही नको, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो. लोखंडी स्प्रिंग टाकीत घातली तर भिंत किंवा व्हॉल्व्हचे सील फाटू शकते.

टाकी काठोकाठ भरली आहे आणि दांडी ओढूनही पाणी येत नाही, हा तिसरा प्रकार. दांडी सैल लागली तर तिची केबल तुटली असावी, मग ते मेकॅनिकचे काम. दांडी नीट चालते पण पाणी येत नाही, तर बोळा व्हॉल्व्हच्या तोंडाशी आहे. त्यासाठी उलटे पाणी मारायचा जोड मिळतो. त्याला स्वतःचा व्हॉल्व्ह आणि नळीचे तोंड असते. तो गाडीच्या तोंडाला लावून त्याचा व्हॉल्व्ह बंद, टाकीचा उघडा, आणि पाणी १५ सेकंदच सोडायचे; तेवढ्यात ४-५ लिटर आत जाते. आत एकाने संडासापाशी उभे राहून पातळी पाहावी. मग जोडाचा व्हॉल्व्ह उघडावा. एक खबरदारी महत्त्वाची: गाडीच्या तोंडाचे झाकण काढताना खाली बादली ठेवून ते हळूहळू फिरवावे. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला नसेल तर झाकणामागे मैला साठलेला असतो. थंडीच्या रात्री व्हॉल्व्ह गोठला असेल तर दांडीशी झटापट करू नये. ऊन येऊ द्यावे.

प्रत्येक तक्रार तुंबण्याचीच नसते. टाकी रिकामी असूनही पातळीचा दिवा ‘दोन तृतीयांश’ दाखवत असेल तर बहुधा पातळी मोजणाऱ्या आतल्या खिळ्यांना कागद चिकटलेला असतो. फ्लश केल्यावर गुडगुड आवाज आणि दुर्गंधी येत असेल तर छतावरचा हवेचा पाइप पाहावा. त्यात पाने किंवा गांधीलमाशीचे पोळे सापडते. भांड्यात पाणी टिकत नसेल तर झडपेच्या सीलची खाच पुसून सिलिकॉन ग्रीस लावावे. व्हॅसलीनने रबर फुगते.

गाडी भाड्याची असेल तर वरचे साधे उपाय संपल्यावर स्वतः काही उघडू नका, कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याचे आम्हाला मनापासून स्वागत वाटते. पण आपल्या किनाऱ्यावर, गडांच्या पायथ्याशी या गाड्या उभ्या राहणार असतील तर त्यांचा मैला जाणार कुठे, याची सोय आधी हवी. त्याला फार खर्चही नाही. गाडी सहज उभी राहील असा उताराचा सिमेंटचा ओटा, मधोमध झाकणाचे ४ इंची तोंड, ते सेप्टिक टँक किंवा मैलाशुद्धीकरण केंद्राला जोडलेले, बाजूला ‘पिण्यासाठी नाही’ अशी ठळक पाटी लावलेला धुण्याचा नळ, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ तिथून बराच लांब. कॅरव्हॅन पार्कला परवानगी देताना पर्यटन संचालनालयाने ही अट घालावी. ती नसेल तर टाक्या ओढ्यात आणि रस्त्याकडेच्या चरात रिकाम्या होतील. पुण्या-मुंबईच्या ज्या प्रवास कंपन्या अमेरिकेतल्या मोटरहोम सहली आखून देतात, त्यांनीही व्हिसा आणि विम्याच्या कागदांबरोबर टाकी वापरण्याचे एक पान मराठीत द्यावे.

आपले,
मोटरहोम दुरुस्तीच्या कामातले काही मराठी वाचक,
डेन्व्हर, कोलोरॅडो