कुत्र्यांसाठीच्या पदार्थात कांदा-लसूण: अलिबाग शाखेबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: आपल्या अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरील इटालियन रेस्टॉरंटमध्ये कुत्र्यांच्या मेनूतील पदार्थात कांदा व लसूण वापरला जात असल्याबाबत

महोदय/महोदया,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही आमच्या कुत्रीला, तांबूला, घेऊन आपल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला आलो होतो. खास कुत्र्यांसाठी म्हणून आपण विकता तो पदार्थ तिच्यासाठी मागवला. त्यात कांदा आणि लसूण निघाला. हे दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. ऑर्डर देण्याआधी आम्ही याबद्दल स्पष्ट विचारलं होतं आणि 'नाही' असं स्पष्ट उत्तर मिळालं होतं. पुढे तांबूला उलट्या झाल्या, डॉक्टर गाठावे लागले. आपल्या शाखेच्या व्यवस्थापकांनी मात्र हात झटकले, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहिते आहे.

लेकीचा वाढदिवस होता. ती पुण्याहून आली होती आणि तांबूला घरी ठेवून बाहेर जेवायला जायचं नाही, हा तिचा हट्ट. 'कुत्र्यांचं मनापासून स्वागत' अशी आपली पाटी रस्त्यावरूनच दिसते, मेनूकार्डात 'टेबलाखालचे पाहुणे' असं वेगळं पान आहे. त्या पानावर तीन पदार्थ आहेत. आम्ही पहिला घेतला: चिकनचा खिमा, भात, गाजर, वरून 'आमचा घरगुती रागू' (म्हणजे खिम्याचा इटालियन सॉस), किंमत ३५० रुपये. "ह्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नाही ना?" असं मी विचारलं. ऑर्डर घेणारा मुलगा म्हणाला, "नाही मॅडम, हे डॉग्ससाठीच बनवतात."

बाऊल आला तेव्हा वास चांगला येत होता. तांबूने अर्धा संपवलाही. मग तिने मान वर केली, तेव्हा तिच्या ओठाच्या कडेला काहीतरी पातळ, काचेसारखं पारदर्शक चिकटलेलं दिसलं. मी ते बोटाने काढलं आणि चुरडून पाहिलं. परतलेला कांदा होता. बाऊल ओढून घेतला, चमच्याने तळ ढवळला, तर तळाशी कांद्याचे असे पुष्कळ तुकडे, आणि लसणाचा वास लपत नव्हता.

कांदा ओळखण्यात माझी गफलत होणार नाही, हे आपल्याला सांगणं भाग आहे. आमची शेती अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला आहे. भात निघाला की आम्ही त्याच शेतात पांढरा कांदा लावतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतो आणि मग घरातल्या बायका पात विणून त्याच्या माळा करतो. २०२२ साली अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या गावाला झालेला आनंद मी पाहिला आहे. आपल्या मेनूकार्डावर 'आम्ही स्थानिक पांढरा कांदा वापरतो' असं मोठ्या अक्षरांत छापलंय, तेही वाचून बरं वाटलं होतं. हा कांदा गोड असतो, कमी तिखट असतो, म्हणून पुष्कळ जण तो निरुपद्रवी समजतात. माणसांना तो आहेच. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र गोड-तिखट याने काही फरक पडत नाही.

कांदा, लसूण, पातीचा कांदा हे सगळे एकाच कुळातले. त्यांच्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींतलं हिमोग्लोबिन खराब होतं, पेशी फुटू लागतात आणि जनावराला रक्तक्षय होतो. शिजवून, परतून, वाळवून किंवा पावडर करून हे विष जात नाही. उलट पावडरीत ते जास्त एकवटलेलं असतं. शिवाय परिणाम लगेच दिसेलच असं नाही. पहिल्या दिवशी उलटी, लाळ, मलूलपणा इतकंच असू शकतं. रक्तातली घट दिसायला काही दिवस लागतात आणि तोपर्यंत मालकाला रविवारचं जेवण आठवतही नाही. आपल्याकडे आजवर अशी तक्रार आलेली नसेल, तर त्याचं कारण हेही असू शकतं.

मी आचाऱ्याला भेटायचं म्हटलं. ते बाहेर आले आणि त्यांनी काही लपवलं नाही, हे मला नोंदवायचं आहे. त्यांनी सांगितलं की सकाळी एकदाच कांदा, गाजर, सेलरी ऑलिव्ह तेलात परतून मोठ्या पातेल्यात सोफ्रितो करून ठेवतात, त्यात लसूण घालतात, आणि दिवसभर रागू, लझान्या सगळं त्यातूनच निघतं. कुत्र्यांचा बाऊलसुद्धा. "फक्त वरचं मीठ घालत नाही," ते म्हणाले. मेनू आणि कृती मुख्य कार्यालयाकडून येते, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे चूक त्या बिचाऱ्या आचाऱ्याची नाही. कुत्र्यांसाठी वेगळं पान छापताना कुणाही पशुवैद्यकाला विचारायची तसदी कंपनीने घेतली नाही, असंच यातून दिसतं.

मग व्यवस्थापक आले. त्यांनी तांबूकडे पाहिलं आणि म्हणाले, "गावठी आहे ना मॅडम ही? ह्यांना सगळं पचतं. टेन्शन घेऊ नका, डेझर्ट आमच्याकडून."

ह्या वाक्याने मला जितका त्रास झाला, तितका बाऊलमधल्या कांद्यानेही झाला नसेल. तांबू गावठी आहे, तिच्या अंगावर गावच्या मातीचा रंग आहे, ती आमच्या पडवीत लहानाची मोठी झाली. म्हणून तिच्या रक्तपेशी वेगळ्या नसतात. अकिता, शिबा अशा काही जपानी जातींना कांद्याचा त्रास जास्त होतो, हे खरं आहे. पण कांदा बाधत नाही अशी कुत्र्याची जात नाही. गावठी कुत्री उकिरड्यावर काहीबाही खातात आणि त्यातली किती मरतात याचा हिशोब कुणी ठेवत नाही, म्हणून 'त्यांना सगळं पचतं' असं वाटतं. आपल्या माणसाने आमच्या तांबूची जात बघून तिच्या जिवाची किंमत ठरवली. शेजारच्या टेबलावर परदेशी जातीचं कुत्रं होतं. त्याच्या मालकांना हेच वाक्य ऐकवलं असतं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

डेझर्टचंही सांगते. 'आमच्याकडून' म्हणून जे आणलं ते तिरामिसू होतं. कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि वर कोको. कॉफी आणि कोको दोन्ही कुत्र्यांना घातक. ती बशी त्या मुलाने तांबूच्या नाकासमोर, अगदी टेबलाच्या कडेला ठेवली. लहान मुलांच्या कोपऱ्यात पिझ्झाचं कच्चं पीठ मळायला दिलं होतं. एक छोटी मुलगी त्याचे गोळे करून एका लॅब्राडॉरला भरवत होती, आणि आपली दोन माणसं कौतुकाने बघत उभी होती. यीस्टचं कच्चं पीठ कुत्र्याच्या पोटाच्या उबेत फुगत जातं आणि आंबताना त्यातून मद्यार्क तयार होतो. मी उठून त्या मुलीच्या आईला सांगितलं. हे सांगणं आपल्या माणसांचं काम होतं.

तिथून आम्ही थेट अलिबागला पशुवैद्यकांकडे गेलो. रविवार असूनही त्यांनी दार उघडलं, हे आमचं नशीब. काय खाल्लं, किती वाजता, किती, हे त्यांनी विचारलं. 'किती' याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं आणि आपल्या व्यवस्थापकांनी फोनवरही ते दिलं नाही. डॉक्टरांनी औषध देऊन उलटी करवली, हिरड्यांचा रंग पाहिला, रक्त घेतलं. लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर रात्री कितीही वाजता फोन करा, म्हणाले. त्या रात्री तिला आणखी उलट्या झाल्या. नंतरच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन थोडं उतरलेलं आढळलं. आता ती जेवते आहे, अंगणात फिरते आहे, डॉक्टरांनी आणखी एकदा रक्त तपासायला बोलावलंय.

तांबू वाचली कारण ती १८ किलोची आहे आणि बाऊल अर्ध्यावर काढून घेतला. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तावर गंभीर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. लसूण त्याहून तीव्र मानला जातो. तांबूच्या पोटात तेवढा कांदा गेला नसावा. पण आपण १८ किलोच्या कुत्र्याला जो बाऊल देता, तोच, त्याच मापाचा, शेजारच्या टेबलावरच्या शिह त्झूला देत होता. ते कुत्रं फार तर ६ किलोचं असेल. त्याच्यासाठी ही मर्यादा ९० ग्रॅमला सुरू होते, म्हणजे आमच्या शेतातले दोन मध्यम कांदे. परतून आळलेल्या सोफ्रितोच्या एका वाटीत कच्चे कांदे किती जातात, ते आपल्या आचाऱ्यांना विचारा.

भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाल्यापासून मुंबईची माणसं गाडीत कुत्री घेऊन सरळ इकडे येतात. शनिवार-रविवारी वरसोली, नागाव, आक्षीच्या किनाऱ्यावर पाहिलंत तर दिसेल. त्यांना इथला डॉक्टर माहीत नसतो. आपली पाटी वाचून ती माणसं निर्धास्त होतात आणि संध्याकाळच्या बोटीने परत जातात. त्यांचं कुत्रं चार दिवसांनी घरी मलूल पडलं, तर अलिबागच्या जेवणाशी त्याचा संबंध कोण लावणार?

बाकी तक्रारी लहान आहेत, तरी लिहिते. कुत्र्यांसाठीची बाजू पश्चिमेला आहे आणि तिथल्या लाद्या दुपारी इतक्या तापतात की तांबू एकेक पाय उचलत होती. एका मुलाने न सांगता ओलं गोणपाट आणून टाकलं, त्याचे आभार. पाण्याचं एकच भांडं सगळ्या कुत्र्यांना फिरवत होते, आणि लसीकरणाचं कार्ड कुणालाच विचारलं नाही. रोगाची लागण अशीच होते. आमचा पिझ्झा उत्तम होता, तेही खरं.

माझी मागणी अशी. 'टेबलाखालचे पाहुणे' हे पान सगळ्या शाखांमधून आजच काढा. पशुवैद्यकाकडून लेखी तपासून घेतल्याशिवाय ते परत लावू नका. कुत्र्याला द्यायचंच असेल तर उकडलेलं बिनहाडाचं चिकन, साधा भात, लाल भोपळा, गाजर पुरे आहे, तेही वेगळ्या पातेल्यात, बिनमिठाचं आणि कुत्र्याच्या वजनाप्रमाणे. बिल करताना आपण प्रत्येकाचा फोन नंबर घेता. ज्यांनी हे पदार्थ मागवले, त्या सगळ्यांना फोन करून कळवा की त्यात कांदा-लसूण होता आणि कुत्र्याची रक्ततपासणी करून घ्यावी. हे सर्वांत आधी व्हायला हवं, कारण कुणाचं तरी जनावर आत्ता आजारी असू शकतं. पशुवैद्यकांचं आणि तपासणीचं बिल कंपनीने भरावं. आणि व्यवस्थापकांनी 'गावठीला सगळं पचतं' हे वाक्य पुन्हा कुठल्याही ग्राहकाला ऐकवू नये, अशी लेखी समज त्यांना द्यावी.

डेझर्ट देऊन किंवा पुढच्या भेटीचं कूपन पाठवून माझी बोळवण होणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी यांबद्दल अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहेच. आचाऱ्यांवर किंवा टेबलावरच्या मुलांवर याबद्दल कारवाई होऊ नये, ही विनंती. त्यांना जे शिकवलं, तेच त्यांनी केलं.

आपली,
एक ग्राहक
मु. खंडाळे, ता. अलिबाग, जि. रायगड
(नाव व संपर्क क्रमांक बिलावर नोंदलेला आहे.)

सोबत: रेस्टॉरंटच्या बिलाची प्रत, मेनूकार्डाच्या पानाचा व बाऊलचा फोटो, पशुवैद्यकांची चिठ्ठी, दोन्ही रक्ततपासण्यांचे अहवाल व त्यांची बिलं.