बाई, बाबांची बाग तुमच्यामुळे पुन्हा सुरू झाली

बाई, सप्रेम नमस्कार.

समोर भेटलात की तुम्ही आभाराचा विषयच टाळता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

गुडघे दुखायला लागल्यापासून बाबांच्या कुंड्या एकेक करून सुटल्या होत्या. तेव्हा तुम्ही आयोनांथा जातीच्या टिलँडसियाचं मुठीत मावणारं रोप आणलंत. "याला माती लागत नाही, वाकावंही लागत नाही," म्हणालात. बाबा कोकणातले, झाडावर वाढतं ते बांडगूळ अशी त्यांची पक्की समजूत. तुम्ही त्यांना सीतेच्या वेणीची, त्या ऑर्किडची, आठवण करून दिलीत. तीही खोडावर राहते, पण झाडाचा रस शोषत नाही. टिलँडसियाचं तसंच, फक्त ती अमेरिका खंडातली, अननसाच्या कुळातली. मुळं नुसती धरून ठेवायला, पाणी पितात ते पानांवरचे रुपेरी खवले. तुम्ही भिंगातून ते दाखवलेत आणि बाबांमधला माळी जागा झाला.

आता आठवड्यातून एकदा ते रोप वीसेक मिनिटं पावसाच्या साठवलेल्या पाण्यात बुडवतात, उलटं धरून झटकतात आणि पंख्याखाली सुकवतात. तेही सकाळीच. या झाडांची पानं रात्री छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, तेव्हा ती ओली नकोत, हे तुमचं वाक्य ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. पावसाळ्यात हवाच इतकी दमट की पाणी आणखी कमी; गाभ्यात थेंब साचला तर रोप कुजतं.

पण सगळ्यात मोठे आभार रंगासाठी. बाजारात भडक निळी-गुलाबी रोपं पाहून बाबांना मोह झाला होता. वरून मारलेल्या रंगाने ते खवलेच झाकले जातात, हे तुम्ही समजावलंत आणि आमचं रोप पूर्वेच्या खिडकीत, उजेडात टांगायला लावलंत. मग एके दिवशी आतली पानं लाल व्हायला लागली. आधी टोकं, मग सगळा गाभा पेटल्यासारखा, आणि त्यातून जांभळ्या नळ्यांची फुलं, टोकाला पिवळे परागकण. बाबांनी मला हाका मारून मारून उठवलं. त्यांच्या आवाजात तो उत्साह कितीतरी दिवसांनी ऐकला, बाई.

फुललेलं रोप पुन्हा फुलत नाही, पिल्लं देऊन हळूहळू संपतं, हेही तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलंत. त्यामुळे बाबा खचले नाहीत, पिल्लांची वाट बघत राहिले.

ती पिल्लं आता मूळ रोपाच्या निम्म्याएवढी झालीत. पहिलं तळमजल्यावरच्या आजोबांना द्यायचं ठरलंय, त्यांनाही कुंड्या झेपत नाहीत. लाकडावर बांधायला तुम्हीच या, अशी बाबांची विनंती आहे. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आणून ठेवलीय. तांबं या झाडांना विषारी, म्हणून तांब्याची तार बाबांनी कपाटात बंद केलीय. रविवारी सकाळी जमेल?

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची