मदत कमी-जास्त करता येऊ द्या : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री,
स. न. वि. वि.

पत्रास कारण, माझ्या वर्गातली दोन मुलं.

पहिल्या बाकावरच्या मुलाला पूर्ण वेळ मदतनीस मंजूर आहे. परवा वजाबाकी चालली होती, 402 वजा 157. त्याने वरचा 2 पाहिला, खालचा 7 पाहिला, पेन्सिल वहीवर टेकवली आणि मान वळवून ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "हातचा घे." दशकाच्या घरात शून्य, त्यामुळे मान पुन्हा वळली. "तिथे 9 होतात." त्याने 9 लिहिले. उत्तर 245, बरोबर. सुट्टीत मी त्याला एकट्याला 503 वजा 268 दिलं. दहा मिनिटांनी कागद कोराच, आणि नजर दाराकडे, ताई येतात का म्हणून. साधी, हातच्याची वजाबाकी त्याला येते, मी स्वतः पाहिली आहे. तो अडतो फक्त शून्यावरून हातचा आणताना. अडचण एका पायरीची आणि मदत मात्र दिवसभराची.

तिसऱ्या रांगेतली मुलगी वाचताना ओळ हरवते. एका ओळीच्या शेवटाला पोचली की परत त्याच ओळीच्या सुरुवातीला येते. तिला मोठ्या अक्षरातला मजकूर हवा, ओळीखाली धरायला पट्टी हवी, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील कागद हवा. पट्टी मी दिली. मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मागितली तेव्हा "प्रमाणपत्र जोडा" असा शेरा आला. तपासणीची तारीख मिळायला सात महिने लागले, आणि निष्कर्ष काय, तर अडचण आहे, पण निकषात बसण्याइतकी नाही. म्हणजे काहीच नाही.

आपली व्यवस्था ही अशी आहे. नळ एकतर पूर्ण सोडलेला, नाहीतर बंद. मधली चावीच नाही.

जास्त मदत म्हणजे चांगली मदत, असं मीही धरून चालले होते. खरं सांगायचं तर त्या मुलासाठी मदतनीस मागणाऱ्या अर्जावर माझीच सही आहे, आणि त्यामागे वर्ग शांत राहील हा स्वार्थही होता. पुढे इंग्लंड आणि वेल्समधला एक मोठा अभ्यास वाचनात आला. 2003 ते 2008 अशी पाच वर्षं तिथल्या शाळांतल्या मदतनिसांचं काम तपासलं गेलं. ज्या मुलांना मदतनीस जास्त मिळाले, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झालेली आढळली. मुलं मुळात मागे होती म्हणून हे घडलं असेल, हा हिशेब धरूनही चित्र तेच राहिलं. मदतनिसांना दोष द्यायचं कारण नाही. त्यांना पुरेशी तयारी करून दिलेली नव्हती, शिक्षकांशी बोलायला वेळ नव्हता, आणि हातातलं काम पूर्ण करून घेणं हेच त्यांचं काम होऊन बसलं. शिवाय मदतनीस शेजारी बसली की शिक्षकाचं त्या मुलाशी बोलणं आटतं. हे मला कोणी सिद्ध करून दाखवायची गरज नाही. त्या बाकापाशी मी दिवसाकाठी कितीदा थांबते, ते आता मोजू लागले आहे.

1976 मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या तीन अभ्यासकांनी लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना शिकवणारी नेमकं काय करते ते टिपलं, आणि त्या मदतीला परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात. आम्ही ती बांधतो, उतरवायचं कलम मात्र आपल्या एकाही नियमात मला सापडलेलं नाही.

प्रमाणपत्राआधी मदत देता येत नाही, असंही नाही. अमेरिकेत वाचनातली अडचण मान्य होण्यासाठी बुद्ध्यंक आणि प्रत्यक्ष गुण यांत मोठी तफावत दिसावी लागे. तोवर मूल पुरतं मागे पडलेलं असे. 2004 च्या कायद्याने ती सक्ती काढली आणि आधी मदत देऊन मूल कसा प्रतिसाद देतं ते पाहण्याची वाट मोकळी केली. फिनलंडने 2011 पासून सर्वसाधारण, वाढीव आणि विशेष अशा तीन पायऱ्या केल्या. वाढीव मदतीला वैद्यकीय निदान लागत नसे, शाळेतच ठरवून ती सुरू होई. 2025 मध्ये त्यांनी ही रचनाही बदलली, तेव्हा ती जशीच्या तशी उचला असं मी म्हणणार नाही. वैद्यकीय तपासणी बंद करा, असंही नाही. काही मुलांना आयुष्यभर भरपूर आधार लागेल आणि त्यांचा हक्क अबाधित राहिलाच पाहिजे.

माझं मागणं लहान आहे. पट्टी, मोठी अक्षरं, जादा वेळ, आठवड्यातून तीनदा चार-पाच मुलांचा छोटा गट, असल्या गोष्टी शाळेने आपल्या अधिकारात लगेच सुरू कराव्यात. सहा-आठ आठवड्यांनी मुलाची वही समोर ठेवून बसावं आणि मदत वाढवावी, बदलावी किंवा काढावी. या आढाव्यासाठी नवा सोळा पानी नमुना कृपा करून काढू नका, एक पान पुरतं. मदतनिसांना आणि शिक्षकांना आठवड्यात एक तास एकत्र बसायला द्या, वेळापत्रकात छापलेला.

आणि यांतलं सगळ्यात महत्त्वाचं : कमी केलेली मदत पुन्हा लागली, तर नव्या तपासणीशिवाय दोन आठवड्यांत परत मिळेल, अशी लेखी हमी द्या. ती नसेल, तर बाकीचं सगळं कागदावरच राहील. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या आईशी मी बोलले. गणिताच्या तासाला ताईंना थोडं लांब बसवून पाहू, म्हटलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मंजुरीसाठी दोन वर्षं खेटे घातलेली बाई ती. म्हणाली, "बाई, पटतंय मला. पण कमी केली आणि त्याला नाही जमलं, तर परत देतील का?"

मी गप्प राहिले. पुढच्या महिन्यात आमची पुन्हा भेट ठरली आहे. त्याआधी आपलं उत्तर आलं, तर मला तिला काही सांगता येईल.

आपली,
प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका