वजनाच्या आलेखाशेजारची पानं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरोघरी असणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डात वजनाचा आलेख असतो आणि लसींचा तक्ता असतो. ही दोन्ही पानं हाताळून हाताळून मऊ पडलेली असतात. त्याच कार्डात आणखी काही पानं आहेत. बाळाने कधी मान धरावी, कधी आधाराशिवाय बसावं, कधी वस्तूकडे हात न्यावा, हे तिथे चित्रांसह दिलेलं आहे. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून नोकरीची सगळी वर्षं सोलापूर जिल्ह्यात काढल्यावर मी सांगू शकते, की ही पानं बहुतेक घरांत उघडलीच जात नाहीत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचं फार मोठं नुकसान तिथेच होतं. ६ ऑक्टोबरला जागतिक सेरेब्रल पाल्सी दिन आहे. शहरांत हिरवे फलक लागतील, फेऱ्या निघतील, आणि त्या निघायलाच हव्यात. पण गावातल्या बाळापर्यंत त्यातलं काही पोहोचायचं असेल, तर सुरुवात या पानांपासून करावी लागेल.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात. गर्भात असताना, जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी वाढत्या मेंदूला इजा होते आणि हालचालीवरचा, तोलावरचा ताबा बिघडतो. हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांना हा त्रास असतो. दिवस भरण्याआधी जन्मलेली, फार कमी वजनाची, जन्मल्यावर वेळेत न रडलेली, कावीळ खूप वाढलेली किंवा मेंदूज्वर होऊन गेलेली बाळं यांत जास्त दिसतात. पुष्कळदा नेमकं कारण सापडतही नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि मेंदूतली इजाही पुढे वाढत जात नाही. तरीही ‘हिनं ग्रहण पाळलं नाही’ हे वाक्य मी शिकल्यासवरल्या घरांतही ऐकलं आहे. असं बोलणाऱ्यांनी कृपा करून ऐकावं: ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तुमच्या बोलण्याने ती बाई मात्र बाळाला चारचौघांत आणायचं टाळते आणि उपचाराचे महिने वाया जातात.

‘आमच्यात सगळीच उशिरा चालतात’, ‘मुलगा आहे, जरा आळशी असायचाच’, असं धीर देण्यासाठी म्हणणारी माणसं मायेनेच म्हणतात. पण चार महिने उलटून गेल्यावरही बाळ मान धरत नसेल, अंग ताठ किंवा फारच ढिलं लागत असेल, लंगोट बदलताना मांड्या फाकत नसतील, उभं धरल्यावर एका पायावर दुसरा पाय चढत असेल, दूध ओढताना ते दमत असेल, तर वाट पाहू नये. वर्षाचं व्हायच्या आधीच बाळ सगळं एकाच हाताने घेऊ लागलं, की घरात ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक होतं. त्या वयात दुसरा हात मागे राहणं हीसुद्धा डॉक्टरांना दाखवण्याची गोष्ट आहे. यातल्या एखाद्या खुणेवरून निदान होत नाही, पण तपासणी व्हायलाच हवी, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू जितकं शिकतो तितकं पुढे शिकणं अवघड असतं.

अशा तपासणीसाठी आपल्याकडे योजना आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणं अपेक्षित आहे. पण पथक येतं त्या दिवशी बाळ माहेरी असतं, नाहीतर आई-बापांसोबत ऊसतोडीला गेलेलं असतं. दिवाळीच्या सुमारास गेलेलं कुटुंब उन्हाळ्यात परततं, म्हणजे सहा महिन्यांचं बाळ एकदम वर्षाचं होऊन समोर येतं. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. दर महिन्याला वजन घेताना सेविकेने कार्डातलं ते पान उघडावं, आईला दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवावं. सेविकांवर आधीच कामांचा डोंगर आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यांच्या डोक्यावरच्या दहा नोंदवह्यांतली एखादी कमी करा, पण हे करायला वेळ द्या.

यापुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. शंका आली, चिठ्ठी मिळाली, जिल्ह्याच्या ठिकाणी निदान झालं, मग पुढे काय? पूर्ण बरं करणारं औषध यावर नाही. फिजिओथेरपी, हाताच्या कामांसाठी ऑक्युपेशनल थेरपी, बोलण्यासाठी आणि गिळण्यासाठी वाचा-उपचार, पाय सरळ धरून ठेवणारी आधारपट्टी (स्प्लिंट), गरज पडल्यास इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया, असा हा लांबचा प्रवास असतो. व्यायाम एकदा शिकवून भागत नाही. मूल वाढतं तसे ते बदलावे लागतात, आईचा हात बरोबर पडतो आहे का हे कोणीतरी पाहावं लागतं. त्यासाठी सहा-सात वर्षांचं ताठ अंगाचं लेकरू कडेवर घेऊन दोन एसट्या बदलायच्या, एक दिवसाची मजुरी बुडवायची आणि तिथे गेल्यावर कळायचं की थेरपिस्ट आज रजेवर आहेत! चार-पाच खेपांनंतर बाई थांबते. आम्ही कागदावर ‘पालक प्रतिसाद देत नाहीत’ असं लिहून मोकळे होतो. इकडे मुलाचे स्नायू आखडत जातात, खुब्याचा सांधा हळूहळू निसटू लागतो आणि बसणंही दुखरं होतं. मेंदूतली इजा वाढली नाही तरी शरीराचे हाल वाढले, आणि त्यातला बराचसा भाग टाळता आला असता.

थेरपी म्हणजे मोठी यंत्रं असाही एक समज आहे. एक आई आपल्या मुलाला मांडीवर आडवं घेऊन भरवायची. त्याला सतत खोकला, वरचेवर न्यूमोनिया. घास श्वासनलिकेत उतरत होता. खोलीच्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींना टेकवून, उशा लावून, मान किंचित पुढे ठेवून बसवायचं आणि भाकरी दुधात मऊ कुस्करून सावकाश भरवायचं, एवढं तिला एका थेरपिस्टने शिकवलं. त्या पावसाळ्यात मूल दवाखान्यात दाखल झालं नाही. हे ज्ञान तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एका ठरलेल्या वारी, शक्यतो बाजाराच्या दिवशी, का मिळू नये? बाजाराच्या दिवशी गावातून वाहनं निघतातच.

पैशांचं म्हणाल तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. मी पाहिलेल्या गावांत तो वर्षाच्या शेवटी घाईघाईने, सगळ्यांना एकच वस्तू वाटून संपवला जाई. जे मूल मान सावरू शकत नाही त्याला साधी व्हीलचेअर दिली तर ते खाली घसरतं, एका बाजूला कलंडतं आणि आठवड्याभरात खुर्चीवर धुण्याची घडी दिसू लागते. त्या मुलाला मान, कंबर आणि पावलं यांना आधार देणारी, मापाची खुर्ची लागते. गावातला चांगला सुतार थेरपिस्टने दिलेल्या मापावर ती करू शकतो. दर आठवड्याच्या प्रवासखर्चालाही हाच निधी कामी यावा.

आता शाळेबद्दल. उच्चार अस्पष्ट आहेत, लाळ गळते, हात वेडेवाकडे जातात, म्हणून मुलाला काही कळत नाही असं धरून चालतात आणि त्याच्यादेखत वाटेल ते बोलतात. यातल्या जवळपास निम्म्या मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. ज्यांना समजायला वेळ लागतो त्यांनाही माया आणि अपमान पक्के कळतात. मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये या मुलांसाठी संस्था सुरू केली, ती स्वतःच्या मुलीला इथे शाळा मिळेना म्हणून. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांनी पुढे दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिलं. सगळ्यांना एवढं जमेल असं मी म्हणत नाही. पण शाळेच्या पायरीला उतार, वापरता येईल असं स्वच्छतागृह, उत्तरं लिहायला लेखनिक आणि जास्तीचा वेळ या गोष्टी मागायला हुशारी सिद्ध करावी लागू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. मुख्याध्यापकांनी ‘इथे सोय नाही’ म्हणून परत पाठवणं हा त्या कायद्याचा भंग आहे.

अठरा वर्षांनंतरचा विषय स्वतंत्र पत्राचा आहे. ‘आमच्यामागे याचं कोण?’ हा प्रश्न पालकांना झोपू देत नाही. अशा व्यक्तींच्या सांभाळासाठी केलेला राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ पासून आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून सज्ञान मुलासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो, ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. हे मला नोकरीच्या शेवटच्या काळात कळलं, तर शेतमजूर आई-बापांना कोण सांगणार? दिव्यांग प्रमाणपत्र देतानाच ही माहिती छापील मराठी कागदावर हातात द्यावी.

२ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा असते. वाचकांना माझी विनंती आहे, या वेळी तिथे जा आणि दिव्यांगांच्या ५ टक्के निधीचा गेल्या वर्षीचा हिशेब वाचून दाखवायला सांगा. गावात सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं किती, त्यातली थेरपीला जाणारी किती, हेही इतिवृत्तात लिहून घ्या. ज्या घरात असं मूल आहे त्या घरच्या आईला त्या दिवशी सोबत घेऊन जा, आणि ती बोलत असेपर्यंत तिच्या लेकराला कोणीतरी सांभाळा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, जि. सोलापूर