वहीत माझी मजुरी लिहायला लावणाऱ्या साहेबांना

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात सगळे तुमच्या कामाचे आकडे सांगत होते. किती उद्योग उभे राहिले, किती अनुदान आलं, किती हातांना काम मिळालं. मला जे सांगायचं होतं ते चारचौघांत तोंडातून फुटेना, म्हणून मी नुसता नमस्कार करून खाली बसले. आज लिहिते आहे, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

तुमच्या जिल्हा उद्योग केंद्रात येण्याआधी मी बरीच दारं पाहिली होती. एका बँकेतल्या अधिकाऱ्याने फाइल न उघडताच विचारलं, "घरात पुरुष माणूस कोणी नाही का?" दुसऱ्या ठिकाणी तारण म्हणून जमीन मागितली. सिंधुदुर्गात नोकरी करणाऱ्याला सामाईक सातबारा ठाऊक नाही, हे मला पटत नाही. आमच्या उताऱ्यावर पणजोबांच्या सगळ्या वारसांची नावं आहेत. निम्मी माणसं मुंबईत, काहींचा पत्ताच नाही. त्यांच्या सह्या गोळा करायच्या तर जन्म पुरायचा नाही. छोट्या उद्योगाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच सांगितलेलं होतं, हे मला तुमच्याकडून कळलं. ज्यांनी सांगायला हवं होतं ते मला उतारा आणायला पाठवत राहिले. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं वाटतही नाही.

तुम्ही एजंटाने करून दिलेला छापील प्रकल्प अहवाल बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "तुमची स्वतःची वही असेल ना?" होती. घरच्या पडवीत काजू फोडून विकायचे, त्याचा हिशेब. टरफलाच्या तेलाने काळी झालेली, पानं एकमेकांना चिकटलेली. ती तुमच्या टेबलावर ठेवताना मला अवघडल्यासारखं झालं. तुम्ही पहिल्या पानापासून वाचायला घेतलीत. बी किती किलो घेतली, वाळून किती घटली, अख्खा गर किती निघाला, पाकळी किती, तुकडा किती. बाहेर माणसं खोळंबली होती, शिपाई डोकावून जात होता, आणि तुम्ही ओळीवर बोट ठेवून वाचत होतात. मग काजू फोडणाऱ्या बायकांच्या मजुरीखाली पेन्सिलीने एक रेघ मारलीत. तिथे माझं नाव लिहिलंत, पुढची जागा मोकळी ठेवलीत आणि वही माझ्याकडे सरकवलीत.

"पहाटेपासून तुम्ही राबता. तुमची मजुरी किती धरायची ते तुम्हीच लिहा."

साहेब, लग्न होऊन या घरात आल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी आकडा लिहिला. तुम्ही तो पाहिलात आणि म्हणालात, "कमी आहे. वाढवा."

पुढे कर्ज झालं. खेड्यातल्या बाईला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून मिळतं ते ३५ टक्के अनुदानही आलं. त्याचं मोल आहेच. पण माझा कारखाना त्या पेन्सिलीच्या रेघेपासून सुरू झाला असं मी मानते. ती वही अजून माझ्या कपाटात आहे, आणि आता कोणी बाई सल्ला विचारायला आली की मी आधी तिच्या हिशेबात तिची मजुरी शोधते.

तुम्ही कारखान्यात आलात तेव्हा बायकांनी खुर्ची पुसून ठेवली होती. तुम्ही सरळ काजू फोडायच्या कटरवर जाऊन बसलात. पायाने दाबायचं, हाताने बी फिरवायची, हे तुम्हाला जमेना. चारपाच बियांचे तुकडे झाले आणि बोटं काळी झाली. टरफलाचं तेल कातडी सोलून काढतं, ते आमच्या बायकांच्या हातांवर तुम्ही पाहिलंत. हातमोज्यांनी हात चालत नाही, मग उक्तं काम कमी भरतं, ही त्यांची अडचण तुम्ही उपदेश न करता ऐकून घेतलीत. तुमची जीप वळल्यावर आमची एक जण म्हणाली, "हो सायब येगळो आसा गे."

वेंगुर्ल्याच्या काजूला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव इथल्याच मालाला लावायचा हक्क, मिळालं, तेव्हा आम्हाला वाटलं आता भाव आपोआप येईल. तुम्ही सोलापुरात नोकरी केलेली. चादरीला मानांकन असूनही बाहेरचा माल सोलापुरी म्हणून कसा खपवतात आणि मागावरचा विणकर कसा मार खातो, ते तुम्ही आम्हाला बसवून सांगितलंत. आपली बी कारखान्यांना पुरत नाही, आफ्रिकेची आणावी लागते, त्यात लाज कसली. पण तिच्यावर वेंगुर्ल्याचं नाव घालू नका, एवढं बजावलंत. तेव्हापासून आमच्याकडे दोन वेगळी पाकिटं निघतात. सुरुवातीला तोटा सोसला. आज पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक वेंगुर्ला-७ या जातीचा टपोरा गर नाव घेऊन मागतं.

तुमच्या घरचं आम्हाला फारसं कळलं नव्हतं. समारंभाला वहिनी आल्या, तेव्हा कळलं की त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, आणि तुमच्या आईंचं अंथरुणातलं सगळं त्यांनीच केलं, म्हणून तुम्ही इथे भाड्याच्या खोलीत हाताने भात शिजवून राहत होतात. बदलीसाठी कोणाच्या पाया पडायचं नाही, हे तुमचं दोघांचं ठरलेलं होतं, असं त्या सहज बोलून गेल्या. मुलीचं लग्न नोंदणी पद्धतीने केलंत आणि जिल्ह्यात कोणालाही पत्रिका दिली नाहीत. पेढे मिळाले तेव्हा लग्न होऊन गेलं होतं. खरं सांगते, आम्हाला वाईट वाटलं होतं. ज्यांच्या फाइली टेबलावर आहेत ती माणसं आहेर घेऊन येणार आणि त्यांना परत पाठवता येणार नाही, हे तुमचं कारण वहिनींकडून ऐकलं तेव्हा उलगडा झाला.

चांगुलपणा म्हटला की लोकांना मोठा त्याग आठवतो. मला समोरच्याचं लिहिलेलं पूर्ण वाचणारा माणूस आठवतो. असा एक माणूस खुर्चीवर असला की तालुक्यातल्या कितीतरी घरांत चूल वेगळ्या हिमतीने पेटते. आणि तो नसला की काय होतं, तेही मी पाहिलेलं आहे.

आता आमच्यापैकी कोणाचीही फाइल तुमच्या टेबलावर नाही. तेव्हा फाल्गुनात वहिनींना, लेकीला आणि जावयांना घेऊन या. ओल्या काजूगरांची उसळ आणि घावणे करीन. लेकीसाठी कारखान्यातल्या सगळ्या बायकांनी मिळून पैठणी घेऊन ठेवली आहे. या वेळी नाही म्हणायचं नाही.

आपली नम्र,
वेंगुर्ले तालुक्यातली एक काजू कारखानदार