सही सतराव्या वर्षी, वसुली अठराव्या : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

विषय : अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) मुलांच्या सहीवर चालणारी कर्जवसुली

माझ्या भाच्याच्या कर्जाचा करारनामा समोर ठेवून हे पत्र लिहिते आहे. पहिल्या पानावर त्याची जन्मतारीख छापली आहे, शेवटच्या पानावर सहीची. वजाबाकी केली की अठराला पाच महिने कमी पडतात. एका कोर्सच्या काउंटरवर ‘फी हप्त्यांनी भरा’ म्हणाले, मोबाइलवर ओटीपी आला, त्याने तो सांगितला आणि स्क्रीनवर बोटाने सही केली. हे हप्ते एका वित्त कंपनीच्या कर्जाचे होते, हे घरात कळलं ते वसुलीचा पहिला फोन आल्यावर. कोर्स तोवर बंद पडला होता.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 11 नुसार करार करायला माणूस सज्ञान लागतो. मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिशकाळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1903 मध्येच सांगून टाकलं, की अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी झालाच नाही. त्या प्रकरणात मुलाच्या आईच्या वकिलाने सावकाराच्या माणसाला वयाची कल्पना आधीच दिली होती. तरीही त्याने मुलाकडून ‘मी सज्ञान आहे’ असं लिहून घेतलं आणि पैसे दिले. आज त्या लिखाणाच्या जागी एक टिक आलीय, एवढाच फरक. भाच्याच्या बाबतीत तर केवायसीसाठी आधारच घेतलं होतं, म्हणजे वय लपवायला वावच नव्हता.

वसुलीवाल्याला हे सांगून पाहिलं. उत्तर ठरलेलं : ‘तेव्हा लहान होतास, आता अठरा पूर्ण झालीत ना? मग भर. नाहीतर सिबिल खराब होईल, नोकरी मिळणार नाही.’ सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँक सांगते. पण जी रक्कम मागायचा हक्कच नाही, ती दुपारी तीनला मागितली म्हणून वैध होते का?

माझा खरा आक्षेप पुढच्या चालीला आहे. मूल अठराचं झालं, की त्याच्यापुढे ‘सेटलमेंट’चा कागद येतो. जुनी थकबाकी मान्य, इतकी रक्कम माफ, उरलेली अमुक हप्त्यांत. शून्य करार सज्ञान झाल्यावर नुसत्या मान्यतेने जिवंत होत नाही, हे न्यायालयांनी सांगून झालं आहे. पण हे एकोणीस वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? त्यातून कोणी जुनं फेडायला म्हणून वर थोडे नवे पैसेही दिले, की तो नवा व्यवहार ठरतो आणि मुलगा कायद्याने खरोखरच अडकतो. एजंट घाईने सही मागतात ती उगीच नाही.

मुलांनी फुकटात वस्तू लाटाव्यात, असं मी म्हणत नाही. जीवनावश्यक गोष्टी पुरवल्या असतील तर करार कायद्याचं कलम 68 आहे; त्याची भरपाई मुलाच्या मालमत्तेतून मिळते, त्याच्यावर व्यक्तिशः बोजा येत नाही. त्याला लाभ मिळाला असेल तर तो परत करायला लावायची सोय विनिर्दिष्ट अनुतोष कायदा (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट), 1963 मध्ये आहे. दोन्ही गोष्टी न्यायालयाने ठरवायच्या, कॉल सेंटरने नव्हे. आई-वडील सहकर्जदार असतील तर त्यांची जबाबदारी वेगळी, तो वाद इथे नको.

आम्ही कंपनीला लेखी कळवलं, जन्मदाखला जोडला. ‘आमच्या नोंदी बरोबर आहेत’, एवढंच उत्तर आलं. क्रेडिट अहवालावर (कर्जफेडीची नोंद, ज्याला लोक ‘सिबिल’ म्हणतात) हरकत घेतली, तर तो वाद परत त्याच कंपनीकडे विचारणेला जातो. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी कंपनीला तीस दिवस द्यायचे. तोवर फोन चालूच.

नियम रिझर्व्ह बँक करते, हे मला ठाऊक आहे. पण धोरण आपल्या हाती आहे, म्हणून मागणं आपल्याकडे. कोणतंही खातं वसुलीला देण्याआधी जन्मतारीख आणि कराराची तारीख ताडून पाहणं कंपनीवर बंधनकारक करा. दोन्ही तारखा तिच्याच संगणकात असतात, त्यामुळे एका वजाबाकीचं काम आहे. सहीच्या दिवशी वय अठराच्या आत निघालं तर वसुली तिथेच थांबावी आणि क्रेडिट अहवालातली नोंद कंपनीने स्वतः काढावी, मुलाने अर्ज करण्याची वाट न पाहता. अशा खात्यावर सेटलमेंट किंवा जुनं फेडण्यासाठी नवं कर्ज देण्यास मनाई असावी. आणि जन्मदाखला मिळूनही जी कंपनी एजंट पाठवत राहील, तिला दंड व्हावा, तोही त्या मुलाला मिळेल असा.

भाच्याने सेटलमेंटवर सही केलेली नाही. कंपनीने त्याला दिलेली मुदत या महिनाअखेर संपते.

आपली नम्र,
एक मावशी